जन्मभराचे पाच गेम

माझ्या भावाला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की तो शेतात सांगतो, आणि तेही लाईट गेलेली असताना. विहिरीवरच्या खोलीबाहेर आम्ही दोघं मोटारीच्या लाईटची वाट पाहत बसलेलो असतो, समोर पपई उभी असते आणि करण्यासारखं दुसरं काही नसतं. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी असेच बसलो होतो. तंबाखू मळता मळता तो म्हणाला,

"आपन आते पाचच गेम ठेवूत. जलमभर पुरतीन असा. बाकीना दी टाकूत."

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की याला वाटणी पाहिजे.

कुठे व्हिडिओ गेम आणि कुठे वाटणी, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. माझा भाऊ विनाकारण काही काढून टाकणारा माणूस नाही. त्याच्याकडे फुटक्या पाईपचे तुकडे आहेत, बंद पडलेला फवारणीचा पंप आहे, आमच्या वडिलांच्या, आप्पांच्या वेळच्या बैलांच्या घुंगुरमाळा आहेत, आणि आमच्या गोठ्यात बैल नाहीत त्याला बरीच वर्षं झाली. असा माणूस एकाएकी निवडायला बसतो, द्यायला काढतो आणि वर जन्मभराची भाषा करतो, तेव्हा काहीतरी शिजतंय हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.

"पाचच कसाले?" मी विचारलं.

"पाच पुरे."

"चार का नई? सहा का नई?"

त्याने तंबाखू ओठाखाली सरकवली. तंबाखू तोंडात असली की त्याला बोलायचं नसतं. मग लाईट आली, त्याने स्टार्टरचं बटण दाबलं आणि विषय पाण्यावर गेला.

मी शहाद्याच्या एका शाळेत गणित शिकवतो. गावातून रोज मोटारसायकलने जातो-येतो. परीक्षांत पर्यवेक्षण करून करून माझी नजर अशी झाली आहे की पोरगा कॉपी करणार हे मला तो चिठ्ठी काढायच्या आधी मानेवरून कळतं. घरचे याला संशयी स्वभाव म्हणतात. बायकोचं म्हणणं, मी प्रसादसुद्धा वास घेऊन खातो. घेतो. शिळा शिरा एकदा खाल्ला की माणूस शहाणा होतो.

वाटणी हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने काढत नाही. आप्पा आणि काका वेगळे झाले ते भांडून झाले. अंगणात मधोमध भिंत उभी राहिली, तिच्या वर काचा लावल्या, आणि त्यानंतर ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. आप्पा गेले तेव्हा काका आले, पण आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेर उन्हात उभे राहिले आणि तिथूनच परत गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्या दिवसापासून भाऊ शेत बघतो, मी नोकरी करतो, आणि घरात चूल एक. तापीकाठच्या आमच्या बाजूला अशी घरं आता फार उरली नाहीत. लग्नकार्यात लोक आमच्याकडे बोट दाखवतात, आणि ते बोट दाखवलं की मला खरं सांगायचं तर बरं वाटतं. म्हणूनच भीतीही वाटते.

आणि गेमचं म्हणाल तर तोच आमचा जुना आजार. टीव्ही गेम आमच्याकडे आला तेव्हा गावात टीव्हीच मोजके होते. आप्पा सुरतेला कापसाच्या कामाने गेले होते, तिथून घेऊन आले. राखाडी डबा, वरून घालायची पिवळी कॅसेट, आणि वायरने जोडलेले दोन रिमोट. एका रिमोटवर खेळ सुरू करायचं बटण होतं, दुसऱ्यावर नव्हतं. बटणवाला रिमोट कुणाचा यावरून आम्ही एकमेकांचे केस उपटले आहेत, पाटीने डोकी फोडली आहेत. भावाच्या भुवईवर त्या काळातली खूण अजून आहे. आई दोघांनाही उपाशी ठेवायची आणि गेम धान्याच्या कोठीत टाकायची. पुढे सीडीवाला आला, मग पुतण्याने सुरतेहून एक काळी डबी आणली, तिच्यात म्हणे हजार गेम. पन्नाशीच्या आसपासचे दोन भाऊ संध्याकाळी माडीवर बसून गेम खेळतात याची गावात चेष्टा होते. होऊ दे, आम्ही पत्ते तर कुटत नाही. पण हजार गेम असून आम्ही फिरून फिरून तेच खेळतो, हे भावाचं म्हणणं खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला ते कारण म्हणून पटेना. इतकी वर्षं ते खोटं होतं का?

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, जुना डबा नीट करून आणू. मी मोटारसायकल काढली. नंदुरबारला स्टेशनच्या बाजूला एक जण जुन्या टीव्हीची, गेमची कामं करतो. शहराच्या अलीकडे मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. लांबच लांब लाल मिरची वाळत घातलेली, आणि तो ठसका मोटारसायकलवर तोंड बांधून बसलं तरी आत जातो. भाऊ मागे बसून शिंकत होता. दुकानदाराने डबा उघडला, आतून वाळलेली पाल निघाली. ती त्याने बाजूला ठेवली, दोन तारा जोडल्या आणि म्हणाला, "चालस अजून." भावाने त्याला विचारलं,

"असा दुसरा भेटी का कोठे? असाच. असाच डबा."

मी दुकानाबाहेर पाहत होतो. कान मात्र आत होते. एक डबा असताना दुसरा तसाच डबा माणसाला कधी लागतो? एका घरात दोन डबे कशाला? परत येताना मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही, पण त्याला शिंका येत होत्या, त्यामुळे त्याच्या गप्प बसण्याचं काही धरता आलं नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. वहिनीने नवी शेगडी आणली. म्हणाली, पुतण्याचं लग्न आहे, पाव्हणे येतील, दोन शेगड्या लागतील. पण लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी येतो आणि तो त्याची भट्टी आणतो, हे मला माहीत नाही की काय? एका दुपारी शाळेतून आलो तर पडवीत एक गवंडी टेप धरून उभा. भाऊ म्हणाला, फरशी बसवायची आहे. फरशी बसवायला खालून वरपर्यंत भिंत कोण मोजतं? मी बायकोला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना सरळ विचारा ना." हाच तिचा दोष आहे. सरळ विचारलं की माणूस सरळ उत्तर देतो असं तिला वाटतं.

गेम निवडणं संध्याकाळी चालायचं. माडीवर जुना टीव्ही, त्यासमोर सतरंजी, मधे शेंगांचं ताट. एकेक गेम लावायचा, थोडा खेळायचा, आणि ठेवायचा की द्यायचा ते ठरवायचं. पहिल्याच संध्याकाळी माझं मन उडालं, कारण भावाने मला विचारलं,

"तुले कोनता पाह्यजे?"

या माणसाने जन्मात मला कधी हे विचारलं नव्हतं. लहानपणी कॅसेट तो घालायचा, गेम तो लावायचा, माझ्या हातात बिनबटणाचा रिमोट द्यायचा आणि सांगायचा, मन्हा मागे ये. मी त्याच्या मागे जायचो. तोच आता मला विचारतो.

मी म्हणालो, "विटांचा."

वरून विटा पडतात, त्या फिरवून फटीत बसवायच्या, ओळ भरली की ती गायब. मला तो आवडतो. त्यात समोर माणूस नसतो, म्हणून कुणाच्या मनात काय आहे हे ओळखत बसावं लागत नाही. भावाने मान हलवली आणि कॅसेट बाजूला ठेवली. आणि मग त्याने जे विचारलं ते माझ्या छातीत रुतलं.

"हाऊ एकटाले खेयता येस ना?"

येतो, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा लावला, तेव्हाही तेच. एकट्याला खेळता येतो का? क्रिकेटचा लावला, तेव्हाही. एकट्याला खेळता आला की तो गेम एका बाजूला जायचा, नाही आला की भाऊ तो जरा वेळ हातात धरून बसायचा. मी शेंगा सोलत त्याच्या हाताकडे पाहत राहायचो. त्याच्या तोंडून जे निघत नव्हतं ते मला त्या हातात दिसत होतं.

पुतण्याच्या डबीत शेतीचा एक गेम होता. त्यात नांगरायचं, पेरायचं, कापायचं आणि ट्रॅक्टर घेऊन हिंडायचं. मला वाटलं भावाला तो आवडेल. त्याने खेळून पाहिला आणि असा भडकला की रिमोट सतरंजीवर टाकला.

"हाई काय शेती शे का? पानी देनं नई, लाईटनी वाट पाहनी नई. पेरं की उगस! हाई दी टाक पहिले."

मी हसलो. त्या सगळ्या दिवसांत मोकळेपणाने हसलो तो तेवढाच. पण जिना उतरताना वाटलं, शेतावर याचं मन किती आहे बघा, आणि मी तर नोकरीवाला. वाटणीत नोकरीवाल्याला लोक म्हणतातच, तुला काय कमी आहे, पगार तर आहे. मुरमाड तुकडा त्याच्या पदरात टाकतात. माझा भाऊ असं करेल असं मला वाटत नव्हतं. पण आप्पांनाही काकांबद्दल वाटत नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे तो हरायला लागला. मारामारीच्या गेममध्ये त्याला मी कधी हरवलं नव्हतं. बोटं जाड, पण बटणावर अशी पडतात की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. तो त्या आठवड्यात माझ्याकडून हरला, पुन्हा हरला आणि वर म्हणाला, "भारी खेयस तू." मी रिमोट ठेवून खाली आलो आणि बायकोला म्हणालो, आता नक्की. ज्याला आपल्याकडून मोठं काही घ्यायचं असतं तो आधी असं छोटं देतो. ती म्हणाली, "नाहीतर त्यांची बोटं दुखत असतील."

शेवटी पाच उरले. विटांचा, मोटारींचा, क्रिकेटचा, फुटबॉलचा आणि रणगाड्यांचा. रणगाड्यांचा म्हणजे आमच्या लहानपणचा. खाली मधोमध विटांच्या आड आपलं ठाणं असतं, वरून शत्रूचे रणगाडे येत राहतात, आणि दोन भावांनी दोन बाजू धरून ते सांभाळायचं. एकटा खेळला तर तो एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूने ठाणं जातं. आम्ही त्यात जिंकायचो कमी आणि एकमेकांनाच गोळ्या जास्त घालायचो.

पाच उरले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चहा झाला आणि भावाने वर बोलावलं. मी गेलो. सतरंजी झटकून पसरली होती. तिच्यावर त्याने दोन ढीग मांडले होते. एका बाजूला विटांचा आणि क्रिकेटचा, दुसऱ्या बाजूला मोटारींचा आणि फुटबॉलचा. प्रत्येक ढिगाशेजारी एकेक बटणवाला रिमोट, वायर नीट गुंडाळून ठेवलेली. ढिगांच्या मागे दोन डबे. आमचा, आणि दुसरा अगदी तसाच. त्या दुकानदाराने कुठून तरी मिळवून दिला होता. रणगाड्यांची कॅसेट मधेच, कुठल्याच ढिगात नाही.

भाऊ खिडकीत बसला होता. म्हणाला,

"मी वाटा पाडेल शेतस. तू उचल."

आमच्याकडे वाटणी अशीच होते. मोठ्या भावाने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे मोठ्याला खोट करता येत नाही, कारण चांगला वाटा कुठला ते त्याला माहीत असलं तरी तो त्याच्या हाती लागेलच असं नाही. आणि धाकट्याने एकदा उचललं की संपलं. मग कागद व्हायचे तेव्हा होवोत, वाटणी उचलताक्षणीच झालेली असते. लहान पोरंही खेळात वाटे पाडून 'उचल' म्हणत नाहीत. आया ओरडतात, अभद्र बोलू नका.

मी उभाच राहिलो. इतके दिवस मी बरोबर होतो. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण ते वाटलं नाही.

"काय व्हयनं?" मी विचारलं. "मन्हं काय चुकनं ते सांग. वहिनीले कोनी काय बोलनं का? मन्ही बायको काय बोलनी का?"

"काय बी नई व्हयनं."

"मंग हाई कसाले?"

"काय बी नई व्हयनं, म्हनीसन त करनं शे."

मला त्याचा इतका राग आला की मी खाली उतरलो, चपला घातल्या आणि शेतात गेलो. पपईत जाऊन बसलो. तोडणीची फळं पिवळी पडायला लागली होती आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. काही झालं नाही म्हणून वाटणी करायची, हे कसलं बोलणं? दुखत नाही म्हणून पोट फाडून घ्यायचं? मी मनात सगळं उलटसुलट लावून पाहिलं. पुतण्याच्या सासरचे जमिनीचं विचारत असतील. वहिनीच्या माहेरचे कान भरत असतील. माझी मुलगी बारावीनंतर पुण्याला जाणार, तो खर्च एका चुलीतून कसा, असं कुणी काढलं असेल. प्रत्येक गोष्ट बसत होती आणि कुठलीच पूर्ण बसत नव्हती.

थोड्या वेळाने भाऊ बांधावरून आला आणि माझ्यापासून जरा लांब बसला. लाईट होती, मोटार चालू होती. त्याला मोठ्याने बोलावं लागलं.

"आप्पा आन काका पहिले भांडनात, मंग वाटे पाडात. आपन बोलीचाली ऱ्हायनूत तवयच पाडी लेवूत."

"पन पाडाना कसाले?"

"तुन्ही पोर, मन्हा पोर्‍या. त्या आपलागत ऱ्हातीन का? उद्या मी मरी गऊ त तू आन मन्हा पोर्‍या आमनेसामने उभा ऱ्हाशात. माले ते नको शे."

मी शाळेत पालकांना मुलांच्या भविष्याबद्दल भाषणं देतो. हा विचार मला सुचला नव्हता, कारण मला तो सुचायला नको होता.

"मंग गेमनं काय नाटक लायेल व्हतं इतला दिन?" मी विचारलं.

तो जरा लाजला. पन्नाशीचा माणूस लाजला की कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. पायाजवळचं ढेकूळ फोडत म्हणाला,

"मन्हं म्हननं, वावर वाटाना पहिले गेमवर करी पाहू. धाकलपने आपन कसावर जास्त भांडूत? त्यावरच. ते जर भांडन ना करता वाटाई गयं, त वावर बी वाटाई जाई."

"आन मारामारीना गेममा हरे काय जानीबुजी?"

"बोटं दुखतस रे. थंडीमा उघडतस नई."

त्याने हात पुढे केला. मधलं बोट खरंच वाकडं उभं होतं. त्या हाताने तो रोज पपई तोडतो, आणि मी त्याच्या समोर बसून शेंगा सोलताना त्याच हाताकडे तितके दिवस डोळे लावून होतो. तरी माझा संशय पुरता गेला नाही. तो असा जात नसतो. मी म्हणालो,

"आन पाचच कसाले? ते त सांग."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"चार ऱ्हातात त सरळ वाटाई जातात. पाचमा एक उरस. तो दोन्हीसना."

शेताच्या वाटणीत विहीर अशी उरते. ती कापता येत नाही, म्हणून सामाईक राहते आणि पाळीने पाणी घ्यावं लागतं. गावातली निम्मी भांडणं त्या सामाईक विहिरींवरच होतात, हे मी त्याला सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग लक्षात आलं, की आप्पा आणि काकांमध्ये काहीच सामाईक ठेवलं नव्हतं. विहीरसुद्धा काकांनी वेगळी खोदली. त्यामुळे त्यांना भांडायलाही एकमेकांकडे जावं लागलं नाही.

आम्ही घरी आलो. मी माडीवर गेलो आणि विटांचा ढीग उचलला. बायको जिन्यात उभी होती. मी उचललं हे तिने पाहिलं आणि ती तिथेच पायरीवर बसली. वहिनी खालून विचारत होती, काय झालं, काय झालं.

शेताची वाटणीही त्याच रीतीने झाली. भावाने वाटे पाडले, मी उचलला. विहिरीकडची काळी जमीन माझ्याकडे आली, विहीर सामाईक राहिली. ती जमीन त्याने मला दिली असं नाही, उचलणारा मीच होतो, पण मुरमाड तुकडा त्याने दोन्हीकडे सारखा वाटला होता आणि ते मी बांधावरून चालत जाऊन तपासलं. तपासलं हे त्याला माहीत आहे. त्याने ते हसण्यावारी नेलं. गवंडी पुन्हा आला आणि पडवीत भिंत उभी राहिली. तिला काचा लावल्या नाहीत. माझ्या बाजूला नवा दरवाजा निघाला, नवी शेगडी आमच्याकडे आली, आणि वहिनीने ती देताना तिच्यावर आधी स्वतः दूध उतू जाऊ दिलं.

त्यानंतरचा पहिला आठवडा मी त्या नव्या शेगडीवरचं जेवण जेवलो. बायकोच्या हाताला काही कमी नव्हतं, तरी मी ताटात अर्धी भाकरी ठेवून उठायचो. पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा. वहिनीने फोडणीत काय टाकलं ते वासावरून कळायचं. मुलगी एकदा म्हणाली, "पप्पा, मोठी मम्मीने आज भरीत केलंय." मी म्हणालो, जेव गुपचूप. तिला वाईट वाटलं, ती ताटावरून उठली. मग मीही जेवलो नाही.

रणगाड्यांची कॅसेट आम्ही पाळीने ठेवायची ठरवली होती. एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. पहिली पाळी माझी. शनिवारी संध्याकाळी मी आमच्या खालच्या खोलीत टीव्ही लावला, कॅसेट घातली, माझा रिमोट जोडला. दुसरा रिमोट त्याच्या वाट्याला गेलेला. तो घेऊन येईल म्हणून मी बसून राहिलो. येईल की नाही, याचा मला पूर्ण संशय होता. कॅसेट द्यायची म्हणून दिली, आता कोण येतंय, लोक सुरुवातीला असंच ठरवतात. पडद्यावर खेळ सुरू होण्याच्या आधीचं चित्र तसंच थांबलं होतं.

नव्या दरवाजाशी चाहूल लागली. दार उघडंच होतं. भाऊ बाहेर उभा होता, हातात रिमोट, वायर मुठीत. मी वाट पाहिली, पण तो आत आला नाही. या घराच्या खोल्यांमध्ये तो झोपेतही फिरू शकेल. ज्या खोलीत मी बसलो होतो तिथे त्याचा जन्म झाला. तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि म्हणाला,

"येऊ का?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, भुवईपासून हनुवटीपर्यंत, पोरांचं पाहतो तसं. चेष्टा नव्हती. आणि मग इतके दिवस जे झालं नव्हतं ते झालं. वाटे पाडताना नाही, भिंत उभी राहताना नाही, तेव्हा मी भांडलो. उठून त्याच्या अंगावर ओरडलो, कोणाला विचारतोस, लाज वाटत नाही का विचारायला, हे काय परक्याचं घर आहे? आवाज ऐकून पलीकडून वहिनी धावत आली, इकडून बायको आली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते पुसायचंही नव्हतं.

भाऊ तसाच उभा होता. हळू म्हणाला,

"आते विचारनं पडस रे."

त्याने चपला काढल्या. आमच्या घरात तो चपला कुठेही भिरकावतो, एक दारात, एक अंगणात, आणि वहिनी आयुष्यभर त्यावरून बोलत आली आहे. त्या दिवशी त्याने वाकून दोन्ही चपला उचलल्या, भिंतीला लावून जवळजवळ ठेवल्या, आणि मग आत आला.